काचेच्या पोटातल्या गाठी

१

फ्रीजरच्या तळच्या कप्प्यात थर्माकोलचा एक ठोकळा असे. त्याला पंधरा भोकं. पाच प्रयोग, आणि दर प्रयोगाच्या तीन बारक्या नळ्या : तोंड, पोट, आतडं. गुरुवारी सकाळी नऊला तहसीननं तो ठोकळा बाहेर काढला, तेव्हा त्यात चौदाच नळ्या होत्या.

तिनं पुन्हा मोजल्या. एकदा मोजून तिचं समाधान कधी होतच नसे. लेक तापली की थर्मामीटर दोनदा लावायचा, गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरायचं. सासू रहमतबी तर तिला तोंडावर ‘चौकीदारीण’ म्हणायची.

चौदाच. पाचव्या रांगेतलं पहिलं भोक रिकामं होतं. परवाच्या, मंगळवारच्या प्रयोगाची ‘तोंड’ नळी नाहीशी झाली होती. आणि दुपारी तीनला समिती येणार होती.

चंद्रपुरात समुद्राचं काय काम, असं नवखा माणूस विचारणारच. इथं कोळसा, कागद, सिमेंट आणि पलीकडे गडचिरोलीचं जंगल. पण धानोऱ्याकडच्या निवासी शाळांत पोरांना मिळणाऱ्या अंड्याऐवजी समुद्री शेवाळाची वडी द्यावी, असा एका कंपनीचा प्रस्ताव होता. वडीसोबतच्या कागदावर शेवाळातल्या गुणकारी द्रव्यांची लांबलचक यादी होती आणि ती यादी खोटी नव्हती. पण लेकरू कागद खात नाही. पोटातलं आम्ल, पित्त, आतड्यातले रस ह्या सगळ्यांतून निघाल्यावर त्या द्रव्यांतलं शिल्लक किती राहतं आणि अंगी किती लागू शकतं, ते समितीला हवं होतं. ते मोजायचं काम ह्या कॉलेजाच्या जीवरसायन विभागाकडे आलं, कारण तसं यंत्र दोन्ही जिल्ह्यांत फक्त इथंच होतं.

यंत्र विभागप्रमुख गुणवंतराव सरांनी स्वतः बांधलेलं. माशांच्या टाकीचा हीटर, भंगारातल्या जीपची वायपरची मोटर आणि काचेची भांडी. अंगाइतकं ऊबदार पाणी, त्यात डुलणारी भांडी. दोन तास पोटाचं आम्ल, पुढचे दोन तास पित्त आणि आतड्याचे रस. नागपूरहून आलेले पाहुणे आधी हसले होते, मग फोटो काढून घेऊन गेले होते. तहसीन ह्याच सरांची विद्यार्थिनी, इथंच एमएस्सी झालेली, आता प्रकल्प सहायक. त्या काचेच्या पोटाला कुणी नावं ठेवली तर ती माहेराला नावं ठेवल्यासारखी उसळायची.

फक्त एक काम यंत्राला येत नव्हतं, चावण्याचं. त्याला जिवंत माणूस लागे. वडी वीस वेळा चावायची आणि कपात थुंकायची. तोंड स्वच्छ हवं, म्हणजे खर्ऱ्याचं नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा ह्या मुलखात चहाच्या बरोबरीनं चालतो. विभागाच्या दारावर सरांनी ‘खर्रा खाऊन आत येऊ नये’ अशी पाटीच लावली होती. मोजणाऱ्यानं चावायचं नाही, हा सरांचा दंडक, म्हणून तहसीन बाद. उरल्या झाडझूड करणाऱ्या ठमाबाई. त्यांना त्याचा तोरा केवढा! “अख्ख्या बिल्डिंगीत एकच साफ तोंड हाये बाप्पा,” त्या पदर सावरत म्हणत, “माह्यं!”

जुन्या वडीचे चार प्रयोग झाले, चारही गुरुवारी. चारही वेळा उत्तर एकच : शंभरातले तीस-पस्तीस उरतात. मग कंपनीनं ‘सुधारित’ वडी पाठवली, पोटात न बिघडणारी. समितीची तारीख अलीकडे ओढली गेली आणि पाचवा प्रयोग मंगळवारी उरकावा लागला. नेमका त्या सकाळी तिच्या लहानग्या लेकीला, तबस्सुमला ताप होता. तहसीन साडेअकराला पोचली, तेव्हा चावलेली वडी काचेच्या पोटात केव्हाच डुलायला लागली होती. नोंदवहीत सरांच्या अक्षरात ‘तोंड : ठमाबाई’, आणि शेजारी ठमाबाईंची वळणदार सही.

बुधवारी आकडा आला : एकशे बारा.

आणि आतड्याच्या नळीत साबुदाण्याएवढ्या बुळबुळीत गाठी तरंगत होत्या. आधीच्या चार प्रयोगांत अशी एकही गाठ दिसली नव्हती. ह्या कुठून आल्या ते सांगू शकली असती फक्त तोंडाची नळी, आणि नेमकी तीच कुणीतरी उचलली होती.

२

सरांच्या खोलीत समोशांचा वास दरवळत होता. कंपनीचा माणूस प्रफुल, मूळचा घुग्घुसचा, पांढऱ्याशुभ्र शर्टात सगळ्यांना द्रोण वाटत होता.

“घ्या मॅडम, गरमागरम! एकशे बारा म्हणजे मेरिटच्या वर गेली आमची वडी.”

“मेरिटच्या वर गेलेला पेपर पुन्हा तपासतात, प्रफुलभाऊ,” तहसीन म्हणाली.

“घ्या! मिठाई नाई आणली तं बरं केलं म्हणा की,” तो हसत बाहेर गेला.

गुणवंतराव टेबलापाशी बसून समोसा खात होते. अठ्ठावन्न वर्षांचा, एरवी ताठ कण्याचा माणूस, आज पाठीत वाकलेला. मिरची बाजूला काढलेली, आणि समोशाचे चिमणीला घालावेत एवढाले तुकडे करून एकेक तोंडात सारणं चाललेलं.

“सर, परवाची तोंडाची नळी फ्रीजरमध्ये नाही.”

त्यांचा हात क्षणभर द्रोणातच राहिला. “चैतूनं साफसफाईत हलवली असेल.”

“आणि आतड्याच्या नळीत गाठी आहेत.”

“नवी वडी आहे बेटा, काहीतरी नवं दिसणारच. पचनानं आकडा वाढतोही कधी कधी, तूच मला पेपर आणून दाखवले होतेस.”

हे खरं होतं. शेवाळाच्या पेशींत काही द्रव्यं बांधलेली असतात. आतड्याचे रस ती मोकळी करतात आणि आकडा चढतो. म्हणूनच तर तहसीनची बुधवारपासून घालमेल चालली होती. एकशे बारा अशक्य असतं तर तिनं तिथल्या तिथं काट मारली असती. पण शक्य आणि खरं ह्यांत अंतर असतं, आणि ते अंतर मोजायला ह्याच सरांनी तिला शिकवलं होतं.

“सर, तीनला मी सही केली तर पोरांचं अंडं जाईल.”

“वडी मिळेल ना त्याऐवजी. गोड आहे, चॉकलेटसारखी खातील पोरं.” सर खिडकीबाहेर बघत बोलत होते. चार प्रयोग होईपर्यंत हाच माणूस अंड्याच्या बाजूनं तावातावानं भांडत होता. “तीनपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे. गाठींचं कारण सापडलं तर सांग. नाहीतर सही करून मोकळी हो.”

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. “आणि तहसीन, नळी कोणी नेली ते उकरत बसू नको. एखाद्याची उगाच बेइज्जती होईल.”

व्हरांड्यात आल्यावर तिच्या पायांना ब्रेक लागला. नळी ‘नाही’ एवढंच ती म्हणाली होती. कुणी ‘नेली’ असं तिनं म्हटलंच नव्हतं.

३

तहसीननं गाठींपासून सुरुवात केली. शेवाळाचा चिकट अर्क आणि कॅल्शियम एकत्र आले की अशी जेलीची गाठ धरते, हे तिला ठाऊक होतं. मग नेहमीपेक्षा जास्तीचं कॅल्शियम कुठून आलं? वाटा तीनच. वडीतून, पाण्यातून किंवा तोंडातून.

डब्यात वड्या आल्या होत्या सहा. तीन कुटून तिनं न पचलेल्या वडीचा आकडा काढला होता, एक मंगळवारी चावली गेली, दोन उरल्या होत्या. कुटलेल्या पुडीतली चिमूटभर तिनं आम्लात आणि मग आतड्याच्या रसात कालवून पाहिली. गाठ नाही. वडी सुटली.

“चैतूभाऊ, मंगळवारी पाणी कुठलं घातलं होतं? खरं सांगा, बोरचं तर नाही?”

चैतू प्रयोगशाळेचा परिचर. धानोऱ्याचा, चाळिशीचा; गालात कायम काहीतरी असावं असा त्याचा चेहरा. “बोरचं काऊन घालीन मॅडम? त्या पाण्यानं आमच्या घरी साबणाले फेस येत नाई. कॅनचं शुद्ध पाणीच घातलं. पाहा न तुमीच.”

तहसीननं कॅनमधलं पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकून हलवलं. बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस आला. जड पाण्याला असा फेस धरत नाही. पाणीही सुटलं.

राहिलं तोंड.

“भाऊ, खर्रा काढा.”

चैतू चपापला. “अवो मॅडम, मी तं सोडला...”

“मोज्यातला. उजव्या.”

“काय नजर हाये बाप्पा तुमची!” त्यानं ओशाळं हसत मोज्यातून पुडी काढली. “सायबाले नका सांगू. परत व्हरांडा झाडाले लावतीन.”

तिनं चिमूटभर खर्रा पाण्यात बुडवला, गाळला आणि ते पिवळट पाणी शेवाळाच्या अर्कात थेंबथेंब सोडलं. पाचव्या थेंबाला पहिली गाठ धरली. मग दुसरी, तिसरी. साबुदाणा! हा चुन्याचा प्रताप. उरलेल्या पाण्यात तिनं मोजणीचं औषध टाकलं. औषधाचा नियम साधा : जितका रंग निळा, तितकी गुणकारी द्रव्यं जास्त. पण ते औषध मोठं भोळं असतं. शेवाळ कोणतं आणि सुपारी कोणती, त्याला कळत नाही. सुपारीतल्या तुरट द्रव्यांनी नळी बघता बघता शाईसारखी निळी झाली.

गाठीही खर्ऱ्याच्या, चढलेला आकडाही खर्ऱ्याचा. मंगळवारची वडी खर्ऱ्याच्या तोंडानं चावली होती.

तहसीननं मान वर केली. चैतूचा चेहरा पडला होता.

“मी नाई चावली, मॅडम! दहा वाजता मी न् प्रफुलभाऊ मागच्या गोदामातून गॅसचं सिलिंडर ढकलत आनून राह्यलो होतो. ईचारा त्याले. अन् मी काऊन आकडा चढवीन? माह्यी पोरगी सोमारी त्याच शाळेत हाये न, चौथीत. अंड्याच्या दिवशी फोन करते ते मले, ‘बाबा, आज अंडं होतं’ म्हणून. दुसऱ्या कोनत्याच दिवशी नाई करत.”

त्याचं खोटं बोलणं तिला ओळखता येत असे; मोज्याच्या वेळी ते लगेच दिसलं होतं. आता तो खरं बोलत होता.

“हा खर्रा वंगाळच,” चैतू पुडीकडे बघत पुटपुटला. “माह्या भाऊजीचं तोंडच उघडत नाई आता. तिखट झोंबते. भाकर बी चिमणीसारखी तोडून तोडून खाते.”

तहसीनच्या मनात काहीतरी हललं. पण तेवढ्यात दारात झाडू वाजला आणि ठमाबाई आत आल्या.

४

“ठमाबाई, मंगळवारी वडी तुम्हीच चावली?”

“मंग कोन चावीन? वहीत सही हाये न माह्यी.”

“कशी लागली?”

“कशी म्हंजे? नेहमीवानीच. खारट, मासोळीवानी. तोंडाचा वास संध्याकाळलोक जात नाई.”

ह्या बाईनं आयुष्यात खर्रा खाल्ला नव्हता हे सगळं कॉलेज जाणत होतं. नवरा खर्ऱ्यानं गेला, तेव्हापासून त्या घोटणाऱ्याच्या सावलीलाही उभ्या राहत नसत. मग त्यांच्या तोंडात चुना आला कुठून?

तहसीननं घड्याळ पाहिलं. सव्वादहा. आता सुरू केलं तर सव्वादोनला आतड्याचा टप्पा संपेल, पावणेतीनपर्यंत आकडा हातात. तिनं उरलेल्या दोनातली एक वडी पुढे केली.

“मग आज पुन्हा एकदा चावा. वीस वेळा.”

“दे वो माय, त्यात काय!” ठमाबाईंनी चूळ भरली, वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून, पूजेला बसल्यासारख्या चावू लागल्या. एक, दोन, तीन. चौथ्याला त्यांचे डोळे खाडकन उघडले. भुवया वर गेल्या. त्यांनी जिभेनं वडी ह्या गालातून त्या गालात फिरवली, तहसीनकडे पाहिलं, आणि जबडा जागच्या जागी थांबला.

“चावा, ठमाबाई. अजून सोळा.”

सोळा झाले. कपात थुंकून त्यांनी तोंड पुसलं आणि जीभ टाळूला लावून पुन्हा चव घेतली.

“काय झालं?”

“गोड हाये,” ठमाबाई हळूच म्हणाल्या.

तहसीननं कप हातात घेतला. वडी कुटताना तिला वास आला होता तो जुन्यासारखाच, मासळीचा. गोडी फक्त जिभेलाच कळणार होती. परवा वडी चावलेल्या माणसाला आज तिच्या गोडीचं नवल वाटणं शक्य नव्हतं.

तिनं आधी कप काचेच्या पोटात रिकामा केला, आम्ल सोडलं, मोटर चालू केली. मगच ती वळली. ठमाबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“मंगळवार होता वो पोरी,” त्या म्हणाल्या. “महाकालीचा. नवस हाये माह्या, मंगळवारी मिठाचा कण तोंडात घालत नाई. गुरुवारचं काम तुमी मंगळवारी ठेवलं, मले कोनी ईचारलं का?”

तहसीनला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. चार गुरुवार ह्या बाईच्या तोंडाच्या भरवशावर काढले, आणि वार बदलताना तिला विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“माझी चूक झाली, ठमाबाई. मग चावली कोणी?”

“ते नाई सांगणार.”

“पोरांचं अंडं जाईल.”

“मले मालूम हाये!” त्यांचे डोळे भरले. “दोन दिवस झोप नाई मले. पन त्या माणसानं माह्यावानी अंगठेबहाद्दर बाईले सही शिकवली, याच टेबलावर, वर्षभर बसून. त्याचं नाव माह्या तोंडातून निघनार नाई. आकड्यातून काढाचं तं काढ.”

५

काचेचं पोट डुलत होतं. सव्वाबाराला तहसीननं आम्ल मोडून पित्त आणि आतड्याचे रस घातले. गाठ नव्हती. मधल्या वेळात तिनं रहमतबीला दोनदा फोन केला. दुसऱ्या खेपेला सासू म्हणाली, “बुखार नाही, दही-भात खाल्ला, आणि आता तू फोन केलास तर मी उचलणार नाही. काम कर आपलं.”

प्रफुल व्हरांड्यात मोबाइल चाळत होता.

“प्रफुलभाऊ, नव्या वडीची चव तुम्ही कुणाला सांगितली होती?”

“चव? कोनती चव?”

“गोड आहे ती.”

“गोड हाये?” त्याला खरंच नवल वाटलं. “मले तं मालूमच नाई मॅडम. डबा सीलबंद आला, सीलबंदच दिला. कागद बी नव्हता आत. मी तं म्हटलं, मासोळीचीच असन. म्हणूनच चाखली नाई.”

तहसीन आत येऊन स्टुलावर बसली. मंगळवारी दहाला विभागात चार माणसं होती. दोघं सिलिंडर ढकलत होते. एकीचा उपास होता. डब्याबरोबर कागद नव्हता, वासावरून गोडी कळत नव्हती, आणि तरीही आज सकाळी एक माणूस तिला सहज म्हणून गेला होता, ‘गोड आहे, चॉकलेटसारखी खातील पोरं.’

चिमणीसारखे तोडलेले समोशाचे तुकडे. बाजूला काढलेली मिरची.

चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाली ती धास्ती, लेकीच्या अंगाला हात लावल्यावर चटका बसावा तशी.

पावणेतीनला आकडा आला : छत्तीस. तिनं पुन्हा मोजला. छत्तीस.

६

“सर, गाठींचं कारण सापडलं. चुना.”

गुणवंतरावांनी पेन खाली ठेवलं. ती उभ्या उभ्याच बोलली : पाण्याचा फेस, शाईसारखी निळी झालेली नळी, ठमाबाईंचा मंगळवार, वडीची गोडी. एकेक पायरी. आवाज कापत होता, पण पायरी चुकत नव्हती.

“हे सगळं तर्कानं झालं,” सर म्हणाले. “पुरावा?”

ज्यांच्यासमोर ती सहा वर्षांत कधी मोठ्यानं हसली नव्हती, त्यांना तहसीन म्हणाली :

“सर, तोंड उघडा.”

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. जबडा थरथरला आणि अडला. नीट मोकळ्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. इथं दीड मावलं असतं की नाही शंका होती. आतले गाल पांढरटलेले, ताठ.

त्यांनी तोंड मिटलं, उठून कपाट उघडलं आणि मागच्या कोपऱ्यातून थर्मास काढला. झाकण उघडलं. बर्फात ती बारकी नळी होती.

“फेकाले हात उचलला होता,” ते म्हणाले. इतक्या वर्षांची कमावलेली प्रमाणभाषा कुठल्या कुठे गेली होती. “पन एकतीस वर्षांत एक नमुना फेकला नाई मी. हा बी फेकवला नाई.”

“चावली कशाला, सर?”

“दहा वाजले होते. ठमाबाई म्हणे, मंगळवार हाये. दारावर पाटी माह्यी, भाषणं माह्यी. ‘सर, तुमचंच तोंड साफ हाये, तुमीच चावा,’ ते म्हणाली. तिले काय सांगू? पंधरा वर्षं झाले, बंद खोलीत खातो मी. तीनदा चूळ भरून चावली. वाटलं, चालून जाईन. पन वहीत माह्यं नाव लिहाची हिंमत झाली नाई, तिचंच लिहिलं. बुधवारी तुह्या आकडा आला न् कळलं, नाई गेलं चालून. नळी राह्यली असती तं तू तासाभरात पकडलं असतं. तरी पकडलंच.”

“एकशे बारा खोटा आहे हे माहीत असून मला सही करायला सांगत होता?”

त्यांनी मान खाली घातली, आणि तहसीननं ती घालू दिली. काही गोष्टींना ‘जाऊ द्या सर’ म्हणायचं नसतं.

मग ती म्हणाली, “ठमाबाईंच्या तोंडानं आज पुन्हा केला. छत्तीस आला. आणि सर, उद्या दंतरुग्णालयात चला. तोंड असं अडतं तेव्हा थांबून चालत नाही. मी येते सोबत.”

खाली गाडीचं दार वाजलं. समिती आली होती.

७

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक सडसडीत, चष्मेवाल्या बाई. त्यांनी फाइल उघडली. “एकशे बारा. छान. म्हणजे नवी वडी पोटात टिकते?”

प्रफुल खुर्चीत सरसावला. दाराशी चैतू आणि ठमाबाई भिंतीला टेकून उभे होते.

गुणवंतराव उठले. त्यांनी नोंदवही ओढली, ‘ठमाबाई’ ह्या नावावर आडवी रेघ मारली, शेजारी स्वतःचं नाव लिहिलं आणि वही अध्यक्षांसमोर सरकवली.

“हा आकडा रद्द धरा. ती वडी मी चावली होती. मी खर्रा खातो. आकडा खर्ऱ्याचा आहे, वडीचा नाही. नळीही मीच लपवली होती. ही घ्या.”

प्रफुलचं तोंड आ वासलेलं राहिलं.

“खरा आकडा छत्तीस,” सर पुढे म्हणाले. “तो तहसीन सांगेल.”

तहसीन उठली. सांगायला लागल्यावर आवाजातला कंप कधी गेला, तिचं तिलाही कळलं नाही. शेवाळ वाईट नाही, ती म्हणाली. त्यातला जो चिकट भाग पोटात पचत नाही, तो खालच्या आतड्यात जाऊन तिथल्या चांगल्या जंतूंचं अन्न होऊ शकतो. त्याचा अभ्यास जरूर व्हावा. पण कागदावर ज्या द्रव्यांच्या जोरावर वडी विकली जाते, त्यांतली जवळपास दोन तृतीयांश आतड्याच्या शेवटापर्यंत शिल्लक राहत नाहीत. उरलेल्यातलं रक्तात किती उतरतं ते आमचं यंत्र सांगू शकत नाही, आणि जे सांगू शकत नाही ते आम्ही लिहिणार नाही. अंडं मात्र पोरांच्या अंगी लागतं. अंड्याच्या जोडीला वडी द्यायची तर बोलता येईल. अंड्याच्या जागी नाही.

“पन मॅडम, आमची कंपनी...” प्रफुलनं तोंड उघडलं.

“तुमच्या उरलेल्या वडीवर कुठल्याही प्रयोगशाळेत हाच प्रयोग करून घ्या,” तहसीन म्हणाली. “फक्त चावणाऱ्याला आधी वार विचारा.”

दाराशी ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते चैतूलाही कळेना.

अध्यक्षबाईंनी छत्तीसचा कागद दोनदा वाचला, प्रस्तावावर चार ओळी लिहिल्या आणि सही केली. “अंडी चालू राहतील,” त्या म्हणाल्या. चैतू एवढंच ऐकायला थांबला होता. तो फोन काढत बाहेर पळाला.

मग बाईंनी चष्मा उतरवला आणि गुणवंतरावांकडे पाहिलं. “तुमच्याबद्दल मला वर कळवावं लागेल, सर.”

“कळवा.”

“त्यात एवढं तरी लिहू ना, की चूक तुम्ही स्वतःहून कबूल केली?”

“नाही,” गुणवंतराव म्हणाले. “पकडला गेलो.” आणि त्यांनी तहसीनकडे हात केला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा कणा ताठ झाला होता. “हिनं पकडलं. लिहून घ्या : तहसीन शेख. बाहेरून आणलेली नाही, बाई. आमच्याच इथं शिकली आहे.”